रेइनेरियोचे दोन नंबर

हिबारातल्या टेकडीवरच्या वस्तीत रेइनेरियो पुपोला खऱ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे त्याच्या चौथीच्या बाई. बाकी सगळे त्याला डिरेक्टरी म्हणत. पोरं तोंडावर म्हणत, मोठी माणसं पाठीमागे म्हणत, आणि त्याची बायको डिग्ना जिवंत होती तोवर तीही रागावली की म्हणायची. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. नाव पडावं तर कामावरून पडावं, असं त्याचं मत होतं. आमच्याकडे कानावरून, पायांवरून, बायकोच्या आधीच्या नवऱ्यावरूनही नावं पडतात. त्या मानानं डिरेक्टरी म्हणजे पदवीच.

तरुणपणी तो गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायचा. तेव्हा हिबारात तीनशे बारा फोन होते, आणि तीनशे बारा नंबर त्याला पाठ होते. लोक नंबर सांगतच नसत. "डॉक्टरीणबाईंना जोड," म्हणत. "माझ्या सासूला जोड, पण झोपली असेल तर राहू दे," म्हणत. हा नावाचा नंबर करायचा आणि त्या नंबरच्या भोकात तारेची खुंटी खुपसायचा. पुढे आपोआप जोडणारं यंत्र आलं, तेव्हा साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला खांबांवर चढून तारा दुरुस्त करायला पाठवलं. समुद्राकाठचं गाव. खाऱ्या वाऱ्यानं तारा कुजतात. निवृत्त होईपर्यंत त्यानं कुजक्या तारा कापल्या आणि नव्या जोडल्या. त्यालाही काही वाटलं नाही असं तो सांगायचा, पण तीनशे बारा नंबर तो रात्री झोप येईना की म्हणत असे, हे डिग्नानं आम्हाला सांगितलं होतं. तो निवृत्त झाला त्याच वर्षी ती गेली.

मग वस्तीतल्या तरण्या मंडळींनी जाळं टाकलं. मासळीचं नव्हे, तारांचं. या गच्चीवरून त्या गच्चीवर, अंजिराच्या झाडाला वळसा घालून, पाण्याच्या टाकीला बांधून, आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत जोड लपवून, त्रेचाळीस घरांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. खेळायला, मालिका बघायला, गप्पा मारायला. बाहेरच्या जगाशी त्या जाळ्याचा काडीचा संबंध नव्हता. उताराला जिथं ओर्तेन्सियाच्या शेळ्या बांधलेल्या असतात, तिथं जाळं संपायचं. पण ज्याला ठाऊक नाही त्याला ते अख्ख्या जगाएवढं वाटावं, इतकं त्यात काय काय होतं.

जाळ्याचा म्होरक्या इंजिनियर योर्दानिस. तो एक दिवस रेइनेरियोच्या दारात आला. "काका, प्रत्येक मशीनला नंबर असतो," तो म्हणाला, "पण माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत. माणूस नाव टाकतो. तेव्हा नाव विचारलं की नंबर सांगणारं एक मशीन कुठंतरी कायम चालू ठेवावं लागतं. तुमच्याकडे ठेवू का? तुम्ही घरीच असता."

रेइनेरियो वर्षभरात पहिल्यांदा हसला. "अरे, म्हणजे एक्स्चेंजच की," तो म्हणाला.

ते मशीन डिग्नाच्या शिलाईच्या टेबलावर बसलं. पण नुसतं मशीन बसवून भागत नव्हतं. घरोघरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला शिकवावं लागायचं, की बाबा रे, नाव कळलं नाही तर कुणाला विचारायचं. त्यासाठी आतल्या एका खिडकीत दोन चौकटी असतात. पहिल्या चौकटीत पहिला नंबर, तो रेइनेरियोच्या मशीनचा. दुसऱ्या चौकटीत दुसरा, तो योर्दानिसच्या मशीनचा, पहिल्यानं उत्तर दिलं नाही तर विचारायला. त्या चौकटींच्या वर एक छोटं गोल भोक असतं, "नंबर आपोआप घ्या" असं लिहिलेलं. त्यात टिंब दिलं, की दोन्ही चौकटी मिटतात आणि मशीन तारेच्या पलीकडे जो कोणी असेल त्याच्याकडून नंबर घेतं. रेइनेरियोला ते टिंब मुळीच आवडायचं नाही. आपोआप या शब्दानं त्याची खुंटी एकदा काढून घेतली होती.

त्रेचाळीस घरांत जाऊन त्यानं आपल्या हातानं ते दोन नंबर घातले. वर कागदाच्या पट्टीवर लिहून पट्टी पडद्याच्या खालच्या कडेला चिकटपट्टीनं डकवली. कुणी हात लावला तर गुरुवारच्या फेरीत त्याला कळायचंच. "काय गं, कुणी चाळवलं हे?" तो विचारायचा, आणि ज्यानं चाळवलं तो परसात पळायचा. कारण जाळ्याचा एक नियम होता आणि तो सगळ्यांना पाठ होता: ज्या घरात बाहेरची लाइन, ते घर जाळ्यात नाही. एका घरातून जरी जाळं बाहेर फुटलं, तरी तपासनीस येतील आणि त्रेचाळीस घरांची तार गुंडाळून नेतील, हे योर्दानिस बैठकीत छातीवर हात ठेवून सांगायचा. रेइनेरियो त्या नियमाचा राखणदार होता.

अखेर तपासनीस न येताच जाळं गेलं. नवा कायदा आला, खासगी तारा महिनाअखेर उतरवाव्यात असा. योर्दानिसनं बैठक घेतली, कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, आणि मग त्यानं रेइनेरियोला म्हटलं, "काका, तारा आम्ही उतरवतो. पण घरोघरी ते दोन नंबर तसेच राहिले तर लोक पुढे काहीही जोडायला गेले तरी त्यांची मशीनं तुम्हालाच विचारत बसतील. ते काढून आपोआपवर टिंब द्यावं लागेल."

आपणच घातलेलं आपणच काढायचं. पंधरा दिवस तो घरोघर फिरला. पट्टी उचकटायची, चौकटी पुसायच्या, टिंब द्यायचं. लोकांनी कॉफी दिली, केळ्याचे काप दिले, ओर्तेन्सियानं तर शेळीचं चीज दिलं. बेचाळीस घरं झाली. एक राहिलं.

ते राहिलं नव्हतं, त्यानं मुद्दाम ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. एडेल्मिराबाईंच्या, म्हणजे त्याच्या त्या चौथीच्या बाईंच्या, मशीनवरचं ते टिंब दिलं की काय उघडेल, हे त्याला अडीच वर्षांपासून ठाऊक होतं, म्हणजे नेमकं नव्हतं, पण रात्री तीनशे बारा नंबर म्हणताना मधेच जीभ अडकावी इतपत होतं.

एडेल्मिराबाई शाळेत होत्या तेव्हा त्यांच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची, असं सगळेच मास्तरांबद्दल सांगतात. पण यांच्या वर्गात टाचणी पडायचीच नाही. रेइनेरियो चौथीत असताना वर्गातला पत्र्याचा पृथ्वीचा गोल त्याच्या हातून फरशीवर पडला आणि दक्षिण अमेरिकेला खाली पोचा आला. "कसा पडला?" बाईंनी विचारलं. "वाऱ्यानं," हा म्हणाला. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. त्या म्हणाल्या, "बस खाली." बस्स, तेवढंच. पण वर्ष संपेपर्यंत तो पोचा आलेला गोल त्याच्याच बाकावर राहिला, आणि भूगोलाच्या तासाला कुणालाही काहीही दाखवायचं असलं तरी पोरं त्याच्या बाकाशी येऊन पोच्यात बोट घालायची.

बाईंना नवऱ्यामागे एकच मुलगा, लिवान. कबुतरं पाळायचा. कबुतरांच्या नावानं त्यानं जाळ्यात एक पान केलं होतं, प्रत्येक पाखराचा फोटो, त्याची आई कोण, बाप कोण, कुठून सोडलं आणि किती वेळात परत आलं, असं सगळं. तीन वर्षांपूर्वी त्यानं बापाची होडी विकली आणि त्या पैशात देश सोडला. बाईंना आधी सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. बाई म्हणाल्या, "होडी नाही, तू बाप विकलास. जा. आणि इथं फोन करायचा नाही." त्यानं दोनदा केला. दोन्ही वेळा बाईंनी आवाज ऐकून रिसीव्हर खाली ठेवला. तिसऱ्यांदा फोन आला नाही. बाईंचाच मुलगा तो.

पण जाण्यापूर्वी त्या पोरानं एक केलं होतं. फोन कंपनीकडे जाऊन आईच्या फोनच्या तारेवर बाहेरची लाइन घेतली, दिवे लुकलुकणारा डबा आणून बसवला, तिच्या नावानं पत्रपेटी उघडली, आणि ते टिंब आपोआपवर दिलं. एका पुठ्ठ्यावर नाव आणि परवलीचा शब्द लिहून म्हणाला, "आई, राग उतरला की उघड. मी लिहीन." बाईंनी तो पुठ्ठा शब्दकोशात घातला आणि शब्दकोश मिटला.

दोन दिवसांनी त्यांना कबुतरं बघावीशी वाटली. पान उघडेना. त्यांनी रेइनेरियोला बोलावलं. हा आला, बघतो तो टिंब आपोआपवर. कुणी पोरानं चाळवलं असेल म्हणून त्यानं आपले दोन नंबर पुन्हा घातले, आणि कबुतरं उघडली. इथवर त्याची चूक नव्हती. तो डबा टेबलामागे होता, त्याला दिसला नाही.

चूक झाली ती पुढे आठ महिन्यांनी. गुरुवार होता. हा कॉफी पीत बसला होता, आणि बाई दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "रेइनेरियो, त्या लिवाननं काहीतरी बसवून ठेवलंय. पत्रं येतात म्हणे त्यात. मी काल उघडायला गेले. पान सापडत नाही म्हणतं."

तो टेबलामागे वाकला आणि त्याला डबा दिसला. त्याला क्षणात सगळं कळलं. मशीन बाहेरच्या पानाचं नाव त्याच्या मशीनला विचारत होतं, आणि त्याच्या मशीनला शेळ्यांच्या पलीकडचं एकही नाव ठाऊक नव्हतं. टिंब दिलं असतं तर पत्रं उघडली असती. पण मग बाईंचं घर जाळ्यातून गेलं असतं. नियम म्हणजे नियम. आणि खरं सांगायचं तर नियम गेला खड्ड्यात, गुरुवार गेला असता. जाळ्यात नसलेल्या घरी तो कुठल्या निमित्तानं येणार होता? अख्ख्या आठवड्यात कुणी त्याला "रेइनेरियो, बस" असं म्हणायचं ती ही एकच जागा होती.

टेबलाखालूनच तो म्हणाला, "बाई, तार कुजलीय. खाऱ्या वाऱ्यानं. हिच्यावर नुसता फोन चालेल, हे नाही चालायचं." आणि त्यानं डबा काढला, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. "कंपनीकडे नवी तार आली की बघू."

बाई म्हणाल्या, "तुला तारांमधलं कळतं." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. रोज चार वाजता त्या कबुतरांचं पान उघडून बसायच्या, कारण लिवान चार वाजता पाखरं सोडायचा. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा नुसते रंग बघत बसायच्या. हा दर गुरुवारी चारला जायचा, नंबर तपासायचा, कॉफी प्यायचा. पुढच्या गुरुवारी सांगू, असं त्यानं शंभरेक गुरुवार म्हटलं.

आणि आता शेवटचा गुरुवार आला. तारा उतरल्या होत्या. बाई मशीनसमोर बसल्या होत्या.

"ये रेइनेरियो, बस. कबुतरं गेली ना रे?"

"गेली बाई. जाळंच गेलं."

"सगळ्यांचे नंबर काढलेस म्हणे. माझे का नाही काढलेस?"

"तुमचे शेवटी ठेवले."

"शाळेतही गृहपाठ दाखवायला शेवटी यायचास. न केलेला असला की." बाई हसल्या. "तो डबा आहे ना कपाटात, तो लावून बघ. एवढ्या दिवसांत कंपनीनं तार बदलली असली तर असली."

रेइनेरियोनं टॉवेल उलगडला. माणूस काय काय मागतो देवाकडे. याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की ती तार खरंच कुजलेली असावी. त्यानं डबा फोनच्या तारेला जोडला आणि दिव्यांकडे बघत राहिला. एक दिवा हिरवा झाला. दुसरा लुकलुकला, लुकलुकला आणि हिरवा झाला. तार धडधाकट होती. तीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच ओढली होती ती.

त्यानं खिडकी उघडली. दोन चौकटींत त्याचे दोन नंबर बसले होते. एक, शून्य, टिंब, एक, चार. ते त्यानं एकेक आकडा करून पुसले. मग गोल भोकात टिंब दिलं. पडद्याखालची पट्टी काढताना तिच्याबरोबर रंगाचा पापुद्राही निघाला.

पान लगेच उघडलं. बाईंनी शब्दकोश आणला आणि न चाचपडता नेमक्या पानातून पुठ्ठा काढला.

पत्रपेटीत अकरा पत्रं होती.

"आहे काही?" बाईंनी विचारलं.

"आहेत, बाई. अकरा."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "पहिल्यापासून वाच. उभा राहून वाच, बसलं की तुझा आवाज पोटात जातो."

बासष्ट वर्षांचा माणूस उभा राहिला आणि वाचू लागला. लिवान मोंतेविदेओला पोचला होता. मासे भरायच्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं, आणि हा पत्ता कारखान्यानं दिलेला होता.

"मोंतेविदेओ," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुझ्या पोच्याच्या जरा वर. पुढे."

दुसऱ्या पत्रात थंडी होती. तिसऱ्यात त्यानं विचारलं होतं, की आई, गुडघा कसा आहे. "फोनवर तू रिसीव्हर ठेवतेस, म्हणून फोन करत नाही. पत्र तरी ठेवता येत नाही खाली. तू एक ओळ लिही, मी लगेच फोन करतो." चौथ्यात होडीचं होतं, चार पानं, बापाची माफी मागितलेली. रेइनेरियो भराभर वाचू लागला.

"घाई कशाला? पूर्णविराम आहे तिथं थांब," बाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. ऐकताना त्यांचे ओठ हलत होते, पोरं पाढे म्हणताना बाई मनात म्हणत जातात तसे.

सहाव्यात त्याचं लग्न झालं होतं. आठव्यात मुलगी. तिचं नाव त्यानं एडेल्मिरा ठेवलं होतं, आणि लिहिलं होतं, "इथं हे नाव कुणालाच नीट म्हणता येत नाही." नवव्यात त्यानं लाइनचे या वर्षअखेरपर्यंतचे पैसे तिकडून भरल्याचं होतं, "म्हणजे तुला कधीही वाटलं तरी उघडता येईल." दहावं पत्र दोन ओळींचं होतं. अकराव्यापाशी रेइनेरियो थांबला.

"वाच."

"बाई, पाणी पिऊ का?"

"वाचून पी."

त्यानं वाचलं. "आई, हे शेवटचं. तीन वर्षं झाली. तू माझ्यापेक्षा हट्टी आहेस हे मला माहीत होतं, पण एवढी असशील असं वाटलं नव्हतं. तू रागावलेली आहेस तर रागावलेली राहा, तुझा हक्क आहे तो. मीही आता विचारणार नाही. कारखाना बंद होतोय, हा पत्ताही त्याच्याबरोबर जाईल. आम्ही ब्राझीलच्या सरहद्दीकडे जातोय, बायकोचा भाऊ आहे तिकडे. पोरीला तुझ्याबद्दल सांगेन. चांगलंच सांगेन."

"तारीख?"

रेइनेरियोनं टेबलावरचा पुठ्ठा उलटा करून ठेवला.

"पत्राला तारीख असते, रेइनेरियो. डाव्या कोपऱ्यात शिकवली होती, आता कुठं लिहितात ठाऊक नाही."

"तेरा मार्च."

"कुठल्या वर्षीचा?"

"याच वर्षीचा."

जुलै चालू होता. बाईंनी बोटांवर महिने मोजले, मार्च धरून. मग म्हणाल्या, "लिही. मी सांगते ते लिही." आणि त्यांनी सांगितलं. फार नाही, चारच ओळी. गुडघा बरा आहे. होडीचं मी विसरले. पोरीला हाकेचं दुसरं नाव ठेव, हे फार लांब आहे. फोन कर, मी ठेवणार नाही.

रेइनेरियोनं एका बोटानं लिहिलं, वाचून दाखवलं, एक स्वल्पविराम बाईंनी हलवायला लावला, आणि पत्र गेलं. अर्ध्या मिनिटात पेटीत बारावं पत्र आलं. बाईंना आवाज ऐकू आला.

"आलं का रे त्याचं?"

ते त्याचं नव्हतं. आपलंच पत्र परत आलं होतं, वर यंत्रानं लिहिलेली एक ओळ घेऊन: या नावाचं कुणी सापडलं नाही. रेइनेरियोला ती ओळ चांगली ओळखीची होती. त्याचं मशीनही शिलाईच्या टेबलावरून हेच उत्तर द्यायचं. आठ महिन्यांनी राग गिळून बाई पान उघडायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांना हेच उत्तर मिळालं होतं.

"परत आलं, बाई. पत्ता बंद झालाय."

बाहेर कुणीतरी पाववाल्याशी भांडत होतं. तो आवाज लांब गेला तेव्हा तो म्हणाला, "बाई, तार कुजलेली नव्हती."

बाईंनी पुठ्ठा परत शब्दकोशात घातला.

"माझ्या दोन नंबरांमुळे उघडत नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. एक टिंब द्यायचं होतं. जाळ्यातून तुमचं घर गेलं असतं म्हणून दिलं नाही. खरं म्हणजे..." तो अडखळला. "खरं म्हणजे मग मला यायला कारण राहिलं नसतं." बोलून झाल्यावर हलकं वाटतं असं लोक सांगतात. त्याला तसं काही वाटलं नाही. त्याला शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"म्हणजे वाऱ्यानं पडला," बाई म्हणाल्या.

त्या खिडकीकडे बघत नव्हत्या. त्यांना दिसलीही नसती. रेइनेरियो उभाच होता. चौथीत त्या म्हणाल्या होत्या, बस खाली. या वेळी म्हणाल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "ते जुने नंबर परत घाल."

"बाई, ते मशीन मी बंद केलंय. योर्दानिसचंही बंद आहे. तिथं आता कुणी उत्तर देणार नाही."

"इथं कोण देतंय?"

त्यानं टिंब काढलं. चौकटी उघडल्या. पहिलीत पहिला नंबर घातला, दुसरीत दुसरा, आणि पट्टी पुन्हा डकवली. ती नीट चिकटेना, तेव्हा अंगठ्यानं दाबून धरली. बाईंनी कबुतरांच्या पानाचं नाव टाइप केलं, सवयीनं, बोटांच्या अंदाजानं. मशीननं पहिल्याला विचारलं. थांबलं. दुसऱ्याला विचारलं. रेइनेरियो निघाला तेव्हा ते विचारतच होतं.

आठवडाभर त्याला चैन पडली नाही. कंपनीच्या कार्यालयात गेला, ज्यांची माणसं त्या बाजूला आहेत अशा चार घरी गेला, लिवानचं नाव सांगितलं, कारखान्याचं सांगितलं. ब्राझीलची सरहद्द किती लांब आहे, हे लोकांनी त्याला हातांनी दाखवलं. बुधवारी त्यानं शिलाईच्या टेबलावरचं मशीन पुसून खोक्यात भरलं.

गुरुवारी चार वाजता तो बाईंकडे गेला. दार नेहमीसारखं उघडं होतं. कॉफीचा वास नव्हता. बाई पडद्यासमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या, आणि पडद्यावर काहीच नव्हतं. पावलं वाजली तसं त्यांनी मान थोडी वळवली.

"कोण आहे?"

"मी, बाई. मीच."

बाईंनी आवाज ओळखला. पन्नास वर्षांची ओळख होती. मान परत पडद्याकडे वळवून त्या म्हणाल्या, "कोण, डिरेक्टरी का? काय काम काढलंस?"